रेडकाचं सोडून किती उरलं

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी दोन म्हशी घेऊन बसणाऱ्या आक्कांमुळं मी कोल्हापुरात राहिले. बाकीचं सगळं नंतर सांगते, पण हे आधी. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण त्यांनीच तसं बजावलंय. "माझं नाव छापू नगंस," म्हणाल्या, "लोकं वाचत्यात आणि म्हशीला दिष्ट लागत्या." नाव त्यांचं छापलं तर दृष्ट म्हशीला कशी लागेल, हे मी विचारलं नाही. आक्कांना उलट विचारलं की उत्तर पुढच्या चौकापर्यंत ऐकू जातं.

ज्यांनी कट्टा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. गवळी आपल्या म्हशी रस्त्याकडेला आणून उभ्या करतात. गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा. तापवणं नाही, गाळणं नाही. तालमीतली पोरं येतात, म्हातारी माणसं येतात, स्कूटरवरून उतरून नोकरदार बायका येतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा घाबरलेच. आमच्या गडचिरोलीकडं घरात दूध असायचं ते चहापुरतं, आणि तेही तीनदा उकळलेलं. मी लांब उभी राहून बघत होते तर आक्का ओरडल्या, "ए पावणी! बघून पोट भरतंय व्हय? ये हिकडं. मी देतो तुला."

'मी देतो' ऐकून मी मागं वळून बघितलं, कुणी बाप्या बोलतोय का. इथल्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, 'मी येतो, मी जातो', हे कळायला मला आठवडा लागला.

आता माझ्याबद्दल थोडं. मी नववीत शाळा सोडली. गावात शाळा सातवीपर्यंतच, पुढची नदीपलीकडं, आणि पावसाळ्यात नदी कुणाचं ऐकत नाही. तालुक्याच्या गावी मामाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं बसायला लागले. स्क्रीन बदलता बदलता आतलं काय चालतं याचा नाद लागला. फोनवर बघून बघून लिनक्स शिकले, प्रोग्रॅम लिहायला शिकले. इंटरनेटवरच्या एका गटात लोक आपल्या अडचणी टाकायचे, मी उत्तरं द्यायचे. त्यातलं एक उत्तर कोल्हापूरच्या अण्णांच्या उपयोगी पडलं आणि त्यांनी फोन केला, "काम करतीस काय आमच्याकडं? तीन महिनं बघू. जमलं तर कायम."

अण्णा म्हणजे आमचे मालक. शेती करणाऱ्या जैन घरातले, धाकट्या भावावर शेत सोपवून स्वतः या धंद्यात उतरलेले. गंगावेशीजवळच्या एका गल्लीत पिठाच्या गिरणीवर माडी आहे, तिथं आमचं वर्कशॉप. खाली पीठ दळलं जातं आणि वर आमच्या टेबलावर त्याचा पातळ थर बसतो. आम्ही छोट्या पेट्या बनवतो. दूध शीतकरण केंद्रात मोठ्या टाक्या असतात, त्यातलं दूध किती थंड आहे हे आमची पेटी दर मिनिटाला मोजते आणि आतल्या कार्डावर साठवून ठेवते. दूध नासलं तर चूक कुणाची, हे त्या नोंदींवरून कळतं. म्हणून त्या पुसायच्या नसतात.

अण्णांनी मला कधी मार्कशीट मागितली नव्हती. हीच माझी धास्ती. मागितली तर? नववी म्हटल्यावर? मी मुळातच काळजी करणारी. रूमवर गॅस किती उरलाय ते सिलिंडर हलवून बघायचे, तांदळाच्या डब्यात बोट घालून बघायचे, फोनचा डेटा दिवसातून चारदा. आणि त्या दिवसांत सगळ्यात जास्त बघायचे ते हे, की तीन महिन्यांतले आता किती उरले. आईचा फोन यायचा, "काऊन वो, बरी आहेस ना? नाही जमलं तं ये निघून. घर काही कुठं गेलं नाही." आई मायेनंच म्हणायची. पण घरी परत जाणं म्हणजे पुन्हा फुटक्या स्क्रीन, आणि मला आता पेट्यांचा लळा लागला होता.

मुदत संपत आली तेव्हा राधानगरीकडच्या एका शीतकरण केंद्राचे व्यवस्थापक फोनवर कडाडले. अण्णांनी फोन कानापासून हातभर लांब धरला तरी आम्हाला ऐकू येत होतं.

"अवो, तुमची पेटी म्हणत्या जागा हाय, आणि लिवून घ्यायचं म्हटलं की म्हणत्या जागा न्हाय! आमी कुणाचं खरं धरायचं? पेटीचं का पेटीचं?"

अण्णांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. पेटीचा प्रोग्रॅम ज्यांनी लिहिला होता ते पुण्याला गेले होते. ते जमणारं दुसरं कुणी नव्हतं. "केंद्रावरचं पावणं शनिवारी येणार हाईत," अण्णा म्हणाले, "तवर बघ. सगळ्या केंद्रांवर ह्याच पेट्या हाईत. आज ह्येंची बोंबलली, उद्या सगळ्यांची बोंबलंल." आणि जिन्यावरून उतरता उतरता, "तुझं कायमचं काय ते बी शनिवारीच बोलू."

ते घाईनं उतरत होते कारण दिवस बुडायला आला होता. अण्णा सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, पाणीसुद्धा घेत नाहीत. कितीही मोठं काम असो, संध्याकाळी त्यांचं लक्ष खिडकीकडं.

केंद्रावरून आलेली पेटी मी उघडली. पडद्यावर स्वच्छ लिहिलेलं, कार्ड तीन चतुर्थांश मोकळं. एक साधी फाइल लिहून बघितली. उत्तर, जागा नाही. कार्ड बिघडलं असेल म्हणून त्याची हुबेहूब नक्कल दुसऱ्या कार्डावर उतरवली. तेच. मग मला वाटायला लागलं की यात काहीतरी साधं आहे, जे दहावीच्या पुढं शिकवतात आणि मला माहीत नाही. हे माझं नेहमीचंच. कुठलीही गोष्ट अडली की मला ती नदीपलीकडच्या शाळेत शिकवली जात असणार असं वाटतं.

त्या संध्याकाळी मी कट्ट्यावर गेले तर आक्कांपुढं गर्दी. थोरली म्हैस निवांत रवंथ करत उभी, आणि आक्का धार न काढता हात कमरेवर ठेवून उभ्या.

"संपलं का, आक्का?" मी विचारलं.

"संपतंय कशानं? कास बघ की तिची, ढीग दूध हाय. पेला कुठाय?" आणि त्यांनी बोट दाखवलं. तालमीतले सात-आठ पैलवान कट्ट्यावर रांगेनं बसले होते, प्रत्येकाच्या हातात पेला, प्रत्येक पेल्यात तळाला घोटभर दूध, आणि त्यांची कुठल्यातरी कुस्तीवरून वादावादी रंगलेली.

"ए पैलवान, घोटभर दुधासाठी पेला अडकवून ठेवलास की रं! मिशीला लावाय ठेवलंयस व्हय?"

"पितोय की, आक्का. चव घेतोय."

"चव कसली घेतोस, म्हातारं झाल्यागत. रिकामा कर! मागं माणसं खोळंबल्यात. दूध असून मी न्हाय म्हणून सांगतो हितं."

सगळे हसले. मी पण हसले, आणि हसता हसता थांबले. दूध ढीग आहे. पेले संपलेत. पेल्यात घोटभर असो नाहीतर काठोकाठ, पेला अडकलेलाच.

आमची पेटी दर मिनिटाला एक नवी फाइल करायची. फाइल चिमुकली, आत दोन-चार आकडे. पण चिमुकल्या फाइलीलाही एक पेला लागतोच. कार्ड पहिल्यांदा तयार करतात तेव्हाच त्यावर एकूण किती फाइली ठेवता येतील तो आकडा ठरतो, पुढं तो वाढत नाही. आमच्या पेटीत कैक वर्षांच्या मिनिटांनी सगळे पेले अडवले होते, तळाशी घोटघोट ठेवून.

सकाळी जाऊन बघितलं. कार्डाचा कारभार बघणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याला 'काय शिल्लक?' असं विचारलं की तो एकाच दमात बरेच आकडे सांगतो. एकूण जागा किती, मोकळी किती, त्यातली तुझ्या वाट्याला येईल ती किती, एकूण फाइली किती मावतात, अजून किती मावतील. तो बिचारा सगळं सांगत होता. आमचा पडदा त्यातला फक्त 'मोकळी किती' एवढाच आकडा उचलून दाखवत होता. शेवटच्या आकड्याकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. तिथं शून्य होतं.

मी माडीवर एकटीच नाचले. गिरणीवाल्यानं खालून विचारलं, "काय पडलं काय गं वर?"

मग कामाला लागले. कार्डावर फाइली ठेवायच्या रीती अनेक असतात. एक रीत अशी निवडली, जिच्यात फाइलींची संख्या आधी ठरवून ठेवत नाहीत. गरज पडेल तशी नवीन जागा करतात. नवं कार्ड त्या रीतीनं तयार केलं, हजारो फाइली टाकून बघितल्या, उत्तम. नंतर वाटलं, पुन्हा कधी अशी फसगत नको. म्हणून पडद्याच्या प्रोग्रॅममध्ये दोन गोष्टी घातल्या. 'मोकळी' ऐवजी 'तुमच्यासाठी मोकळी' हा आकडा दाखवायचा, आणि 'अजून किती फाइली मावतील' हा आकडा शून्य झाला की जोरात शिट्टी वाजवायची. जुन्या भरलेल्या कार्डावर लावून बघितलं, शिट्टी वाजली. झकास. शुक्रवारी रात्री मला छान झोप लागली, आणि तिथंच मला संशय यायला हवा होता.

शनिवारी दुपार कलल्यावर पाहुणे आले. उंच, पांढरी टोपी, आवाज फोनवर होता तसाच, फक्त आता समोर. मी नवं कार्ड पेटीत घातलं, बटण दाबलं.

पेटी ठणाणा शिट्टी मारायला लागली.

"आत्ता गं!" पाहुणे म्हणाले. "आत काय न्हाय आणि आताच भरली? आधीची तरी भरून बोंबलत हुती, ही रिकामीच बोंबलत्या!"

मी वाकून बघितलं. पडद्यावर फाइलींचा आकडा शून्य दिसत होता. कोऱ्या कार्डावर शून्य! शिट्टी मी जुन्या कार्डावर तपासली होती, नवं कार्ड शिट्टी घालायच्या आधी तपासलं होतं. दोन्ही एकत्र आत्ताच, पाहुण्यांसमोर. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग खिडकीकडं. ऊन गिरणीच्या पत्र्यावर तिरकं झालं होतं.

"पावणं," अण्णा म्हणाले, "एवढ्या लांबनं आलायसा, आधी दूध पिऊया. मलाबी दिवस बुडायच्या आत घ्यायला पायजे. ती बघंल तवर."

"मी पण येते, रस्ता दाखवते," मी म्हणाले. अण्णांचा जन्म या पेठेतला आणि मी त्यांना रस्ता दाखवणार. पण मला त्या शिट्टीसमोरून पळायचं होतं.

कट्ट्यावर गेलो तर आक्कांसमोरचं पेल्यांचं टोपलं गायब. गिऱ्हाइकं मात्र भरपूर. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात किटली, एक पैलवान तर चक्क पातेलं घेऊन उभा.

"पेलं कुठं गेलं, आक्का?" अण्णांनी विचारलं.

"बंद! ह्या रेड्यांनी निम्मं फोडलं, निम्मं नेलं तालमीत. आता माझ्याकडं एकबी पेला न्हाय. ज्येनं त्येनं आपलं भांडं आणायचं, मी वतणार."

पाहुण्यांना मजा वाटली. "एक पेला न्हाय आणि धंदा जोरात हाय की!"

"पेलं इकतो व्हय मी? दूध इकतो. सगळ्या गावाचं पेलं मीच सांभाळत बसू?"

माझ्या डोक्यात लख्ख झालं. आक्कांकडं पेले शून्य होते, पण ते शून्य 'संपले'चं नव्हतं. त्या पेले ठेवतच नव्हत्या. मग पेटीचंही तसंच असेल. ज्या रीतीत फाइलींची संख्या आधी ठरलेलीच नाही, तिचा ड्रायव्हर 'अजून किती मावतील' याला काय सांगणार? सांगायला आकडाच नाही, म्हणून शून्य. आणि मग 'एकूण किती मावतात' यालाही शून्यच सांगत असणार. जुन्या कार्डात एकूण मोठा आकडा होता आणि शिल्लक शून्य. तिथं शिट्टी बरोबर. पण एकूणच शून्य असेल, तर तो 'भरलं' म्हणत नाही, तो 'हे मी मोजत नाही' म्हणतोय.

मला वर जायचं होतं, आत्ताच. पण पाहुणे दूध पिऊन निघाले तर? अण्णा जेवायला गेले तर? माझा चेहरा कसा झाला होता मला माहीत नाही. आक्कांनी तो बघितला.

"काय झालं गं?"

"थोडं काम राहिलंय वर. दहा मिनिटं. पण हे निघतील."

आक्कांनी घरचे दोन पितळी तांबे भरले, एक अण्णांना दिला, एक पाहुण्यांच्या एका हातात, आणि त्यांच्या दुसऱ्या हातात रेडकाचं दावं.

"पावणं, हे जरा धरा. सोडलंसा तर थेट पंचगंगेत जातंय. ही पोरगी येस्तवर हलायचं न्हाय हितनं."

"अवो आक्का, मी—"

"दुधाच्या धंद्यातलं माणूस आणि रेडकाला भ्यालासा व्हय?"

पैलवान खदखदले. पाहुण्यांनी दावं घट्ट धरलं.

मी पळाले. गिरणी, जिना, टेबल. बघितलं तर एकूणही शून्य. एक ओळ घातली: एकूण शून्य असेल तर हा आकडा मनावर घ्यायचा नाही. शिट्टी बंद. जुनं कार्ड घातलं, शिट्टी वाजली. नवं घातलं, गप्प, आणि दर मिनिटाची फाइल लिहायला लागलं. मी पेटीच घेऊन खाली पळाले.

कट्ट्यावर पाहुणे तसेच उभे होते, रेडकू त्यांच्या धोतराचा सोगा चघळत होतं आणि ते आक्कांशी वाद घालत होते.

"अजून हाय की कासंत. घाला अजून तांब्यात."

"हाय. पण तुमचं न्हाय. चारातलं एक सड रेडकाचं, त्येला प्यायला. कुणीबी येऊ दे, ते सोडून सांगतो मी दूध किती हाय ते."

मी पेटी पुढं केली. अण्णांनी बघितली, पाहुण्यांनी बघितली. शांत, नोंदी चालू. मग पाहुण्यांच्या कपाळावर आठी आली. "पर कार्ड तर आख्खं कोरं हाय म्हणताय. मग ही थोडी कमी जागा का दावत्या? आधीची पेटी कोरी हुती तवा जास्त दिसायची."

मी सांगायला लागले, की कार्डातला थोडा भाग मुख्य कारभारासाठी राखून ठेवलेला असतो, म्हणजे सगळं भरलं तरी पेटी स्वतः चालू राहते, आणि आधीचा पडदा तो भागही तुमच्यातच धरून... मी अडखळले. भीतीनं माझी मराठी गडचिरोलीला जाते.

पाहुण्यांनी रेडकाकडं बघितलं, आक्कांकडं बघितलं. "म्हंजे रेडकाचं सोडून दावतंय म्हण की!"

"हो जी," मी म्हणाले. "तेच."

"मग बराबर हाय," ते म्हणाले. "आमचं केंद्र लबाडी खपवून घेत न्हाय. सगळ्या पेट्या अशा करून द्या."

(सगळ्या करून दिल्या. पुढं मी दर मिनिटाला वेगळी फाइल करायची पद्धतही बदलली, दिवसाची एकच. ते आधीच सुचायला हवं होतं, पण सुचलं ते नंतर.)

सूर्य जायला थोडाच वेळ उरला होता. अण्णांनी घाईघाईनं आपल्या तांब्यातलं दूध संपवलं, मिशी पुसली आणि म्हणाले, "सोमवारी शाळेचा दाखला घिऊन ये. कायमचं करायचं तर कागूद लागतंय."

आली, ती गोष्ट आली. मी हळूच म्हणाले, "अण्णा, दाखला नववीचा आहे."

"मग नववीचा आण. मी काय बारावीचा आण म्हटलो?" आणि ते झपाझप घराकडं चालायला लागले, कारण भाकरी वाट बघत होती.

मी तिथंच कट्ट्यावर बसले. आक्कांनी माझ्याकडं न बघता तांब्या विसळला, धार धरली, भरला, पुढं केला. "पी. आणि रडायचं असंल तर लांब जाऊन रड, म्हैस बुजत्या."

रडले नाही. प्यायले. आईला फोन केला, ती म्हणाली, "मंग आता येत नाहीस तं?" आणि दोघी हसलो.

आक्कांना मी काय द्यावं, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय. दुधाचे पैसे त्या घेतात, एक रुपया सोडत नाहीत. पण त्या दहा मिनिटांचं काय? साडी नेली तर म्हणाल्या, "शेणात बसतो मी, साडी कुठं नेसू?" पेले आणून देते म्हटलं तर ओरडल्या, "पुन्ना पेलं?"

एकदा बोलता बोलता मला कळलं. आक्कांचं माहेर चिकोडीकडं, कानडी मुलखात. थोरली बहीण आहे तिथं, गुडघ्यांच्या दुखण्यानं घरी बसलेली. आक्का सकाळी जातात आणि संध्याकाळच्या धारेला परत येतात. एक रात्र राहिलेल्या नाहीत, कारण थोरली म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही. दूध कासेत असतं, पण ती देत नाही. हा आकडा कुठल्याच ड्रायव्हरला सांगता येणार नाही.

म्हणून मी आता धार काढायला शिकतेय. पहिल्या दिवशी म्हशीनं शेपटीनं माझा चष्मा गटारात पाडला. दुसऱ्यांदा लाथेनं बादली. आता निदान जवळ उभं राहू देते, पाठीवर थोपटलं की कान हलवते. आक्का लांबून ओरडत असतात, "हळू की गं! मोबाइल न्हवं त्यो!"

आक्का, तुम्ही वाचत नाही म्हणता, पण कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल. तिनं माझ्या हाताला पान्हा सोडला की त्या आठवड्यात तुम्ही चिकोडीच्या एसटीत बसायचं. बहिणीकडं पोटभर राहायचं, रात्रीपण. दोन्ही म्हशी मी सांभाळीन, कट्ट्यावर मी बसेन, पैलवानांना मी ओरडेन. आणि एक सड रेडकाचं सोडूनच दूध किती आहे ते सांगेन.